शब्द घडविण्याचा अधिकार

भाषेचे नाव बहुधा लोकांवरून किंवा प्रदेशावरून पडते. गुजरातची ती गुजराती, बंगालची ती बंगाली, रशियाची ती रशियन. जगात एक भाषा मात्र अशी आहे, की तिचे नाव एका क्रियापदापासून तयार झाले आहे. या भाषेत 'एस्पेरी' म्हणजे आशा करणे, 'एस्पेरो' म्हणजे आशा आणि 'एस्पेरांतो' म्हणजे आशा करणारा. जुलै १८८७ मध्ये वॉर्सा शहरात रशियन भाषेतून एक लहानशी पुस्तिका प्रसिद्ध झाली. तीत एका नव्या, घडविलेल्या भाषेचे १६ नियम आणि सुमारे ९०० मूळ शब्द दिलेले होते. लेखकाने स्वतःचे खरे नाव न देता 'डॉक्टर एस्पेरांतो' असे टोपणनाव घेतले होते. हा लेखक म्हणजे डोळ्यांचे डॉक्टर लुडविक लेझर झामेनहॉफ. त्यांनी आपल्या भाषेला नुसते 'आंतरराष्ट्रीय भाषा' असे म्हटले होते. परंतु ती शिकणाऱ्यांनी लेखकाचे टोपणनावच भाषेला दिले आणि तेच टिकले.

क्रियापदापासून नाम कसे होते, हा व्याकरणातील एक लहानसा विषय वाटतो. वहीत 'धातुसाधित नाम' असा मथळा लिहून पाच-दहा उदाहरणे पाठ केली, की तो संपला असे समजले जाते. वस्तुतः भाषा शिकणाऱ्याला, विशेषतः मोठ्या वयात आणि कामधंदा सांभाळून शिकणाऱ्याला, या विषयाइतका उपयोगी दुसरा विषय क्वचितच असेल. शब्द केवळ पाठ करावयाचे असतात की ते घडविताही येतात, या प्रश्नाचे उत्तर त्यात दडलेले आहे. एस्पेरांतोची हकिकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

झामेनहॉफ यांचा जन्म १८५९ साली बियालिस्टोक येथे झाला. आज पोलंडमध्ये असलेले हे गाव त्या वेळी रशियन साम्राज्यात होते. गावात रशियन, पोलिश, जर्मन आणि ज्यू लोक शेजारी राहत; पण त्यांच्या भाषा निराळ्या आणि मनेही दुरावलेली. या सर्वांना एकमेकांशी बोलता यावे, अशी कोणाचीही नसलेली आणि म्हणून सर्वांची असलेली एक भाषा हवी, हा विचार या ज्यू मुलाच्या मनात लहानपणीच रुजला. व्याकरण सोपे करणे त्यांना फारसे कठीण गेले नाही. अडचण होती ती शब्दांची. कोणतीही भाषा घेतली, तरी तिचा शब्दकोश म्हणजे हजारो शब्दांचा डोंगर. तो चढण्याइतका वेळ सामान्य माणसापाशी कोठून असणार?

या अडचणीवरचा उपाय त्यांना रस्त्यावरील पाट्यांनी दाखविला. ही आठवण त्यांनी पुढे एका पत्रात सांगितली आहे. शाळेच्या वरच्या वर्गात असताना, यापूर्वी अनेकदा पाहिलेल्या 'श्वेइत्सारस्काया' या रशियन पाटीकडे एके दिवशी त्यांचे लक्ष गेले. तिचा अर्थ द्वारपालाची खोली. नंतर 'कोन्दितोरस्काया' ही मिठाईच्या दुकानाची पाटी दिसली. दोन्ही शब्दांचा शेवट सारखाच होता. एकच प्रत्यय निरनिराळ्या शब्दांना लागून नवे शब्द देत होता आणि हे नवे शब्द वेगळे पाठ करण्याची गरज नव्हती. प्रत्ययांच्या साहाय्याने शब्दकोशाचा डोंगर लहान करता येईल, हे त्या विद्यार्थ्याच्या ध्यानात आले. एस्पेरांतोची शब्दरचना या निरीक्षणातून उभी राहिली आहे.

तिची रीत अशी आहे. प्रत्येक शब्दाच्या मुळाशी एक धातू असतो. त्याला 'ई' लावले की क्रियापदाचे मूळ रूप होते आणि 'ओ' लावले की नाम होते. याशिवाय ठरावीक अर्थाचे प्रत्यय आहेत. 'आद' चालू राहणारी क्रिया दाखवितो, 'आंत' ती क्रिया करणारा, 'ईल' तिचे साधन, 'एय' तिची जागा, 'आझ' तिच्यातून निघालेली किंवा तिच्याशी निगडित असलेली वस्तू आणि 'ईस्त' तो व्यवसाय करणारा. 'लेर्नी' म्हणजे शिकणे. त्यावरून 'लेर्नादो' म्हणजे अध्ययन, 'लेर्नांतो' म्हणजे शिकणारा, 'लेर्नीलो' म्हणजे शिकण्याचे साधन आणि 'लेर्नेयो' म्हणजे शाळा. 'स्क्रीबी' म्हणजे लिहिणे. मग 'स्क्रीबादो' म्हणजे लेखन, 'स्क्रीबाझो' म्हणजे लिहिलेला मजकूर आणि 'स्क्रीबीलो' म्हणजे लिहिण्याचे साधन. आता 'कुद्री' म्हणजे शिवणे, एवढेच कोणी सांगितले, तर शिवण्याची जागा 'कुद्रेयो' आणि शिवण्याचा व्यवसाय करणारा 'कुद्रीस्तो', हे शब्द शब्दकोश न उघडताही सांगता येतात. शिकणारा येथे केवळ शब्दांचा ग्राहक राहत नाही, तो त्यांचा कारागीरही होतो.

याच 'शिवणे' या क्रियापदाकडे मराठीत पाहिले, तर चित्र वेगळे दिसते. शिवण, शिलाई, शिवणकाम हे शब्द त्याच्याशी उघड नाते सांगतात. परंतु शिवण्याचे साधन 'सुई' आणि शिवणारा 'शिंपी' हे शब्द स्वतंत्रपणे शिकावे लागतात. प्रत्ययांची उणीव मराठीत मुळीच नाही. वागणे यावरून वागणूक, नेमणे यावरून नेमणूक, फसविणे यावरून फसवणूक. लढणे यावरून लढाई, चढणे यावरून चढाई, कमावणे यावरून कमाई. पण कोठला प्रत्यय कोठे लागेल, याचा भरवसा नाही. 'लढाई' आणि 'चढाई' शिकलेल्या परभाषिकाने 'रडाई' म्हटले, तर वर्ग हसतो. 'वागणूक' शिकून त्याने 'बोलणूक' म्हटले, तर शिक्षक लाल शाई वापरतात. शिवाय नाम झाले की त्याचे लिंगही लक्षात ठेवावे लागते. तो लढा, ती लढाई. तो खेळ, ती चाल, ते जेवण. एस्पेरांतोत नामाला असे व्याकरणातील लिंग नसल्याने शिकणाऱ्याचे हे ओझेही उरत नाही.

एवढ्यावरून असे वाटेल, की घडविलेल्या भाषेत सर्व काही सरळ आणि बोलीतून वाढलेल्या भाषेत सर्व काही वाकडे. वस्तुस्थिती तशी नाही. क्रियापदापासून नाम करण्याच्या प्रश्नावरच एस्पेरांतोच्या अनुयायांत मोठा वाद झाला, आणि त्या वादातून एक वेगळी भाषा जन्मास आली.

वादाचे स्वरूप दोन साध्या शब्दांवरून समजते. एस्पेरांतोत 'कोम्बी' म्हणजे केस विंचरणे. त्यावरून 'कोम्बो' म्हणजे विंचरण्याची क्रिया. फणीसाठी साधनवाचक प्रत्यय लावून 'कोम्बीलो' म्हणावे लागते. परंतु 'ब्रोसो' या शब्दाचा अर्थच मुळी ब्रश हा आहे. त्याचे क्रियापद 'ब्रोसी' म्हणजे ब्रशने घासणे आणि घासण्याच्या क्रियेला म्हणावयाचे 'ब्रोसादो'. फणी आणि ब्रश ही दोन्ही साधनेच. मग एकीला प्रत्यय लागतो आणि दुसऱ्याला लागत नाही, हे कसे? उत्तर असे, की पहिल्या शब्दाचा धातू मुळातच क्रिया सांगतो आणि दुसऱ्याचा धातू मुळातच वस्तू सांगतो. परंतु धातूच्या बाह्य रूपावरून हे ओळखता येत नाही. प्रत्येक वेळी ते माहीत असावे लागते.

फ्रेंच तर्कशास्त्रज्ञ लुई कूत्युरा यांनी नेमके येथेच बोट ठेवले. त्यांचे म्हणणे असे, की शब्दरचनेची वाट दोन्ही दिशांनी सारखी असली पाहिजे. 'क्रोनो' म्हणजे मुकुट. त्यावरून 'क्रोनी' म्हणजे मुकुट घालणे. या क्रियापदाला पुन्हा 'ओ' लावून नाम केले, तर ते पुन्हा 'क्रोनो'च होते. मग 'क्रोनो' म्हणजे मुकुट की राज्याभिषेक? कूत्युरा यांच्या मते तर्काच्या कसोटीवर ही रचना उतरत नव्हती. १९०७ साली पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय भाषेची निवड करण्यासाठी भरलेल्या समितीपुढे 'इदो' या टोपणनावाने एस्पेरांतोत सुधारणा सुचविणारा मसुदा आला. त्यातून पुढे इदो हीच एक निराळी भाषा उभी राहिली. तीत 'मुकुट घालणे' यासाठी वेगळा प्रत्यय लावून 'क्रोनिझार' असे क्रियापद केले गेले आणि संदिग्धता दूर झाली.

एस्पेरांतोच्या बाजूने उत्तर देणाऱ्यांत स्विस गणितज्ञ रने द सोस्यूर हे प्रमुख होते. प्रसिद्ध भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर यांचे ते बंधू. प्रत्येक धातूच्या पोटात वस्तू, गुण किंवा क्रिया यांपैकी एक कल्पना मुळातच असते, असे त्यांनी मांडले. शब्दात अर्थासाठी आवश्यक तेवढे घटक असावेत आणि अनावश्यक एकही नसावा, हे त्यांचे तत्त्व होते. 'क्रोनो' हा धातू वस्तूचा असल्यामुळे 'क्रोनो' म्हणजे मुकुटच. राज्याभिषेकासाठी 'क्रोनादो' हा शब्द वापरात आहेच. इदो तर्काला अधिक धरून होती असे मानले, तरी आज एस्पेरांतो बोलणाऱ्यांची संख्या इदो बोलणाऱ्यांपेक्षा पुष्कळ अधिक आहे. याला अनेक कारणे असतील. पण निर्दोष तर्क एवढ्यानेच भाषा जगत नाही, एवढे तरी यावरून निश्चित म्हणता येते.

हा वाद दूरच्या देशातील विद्वानांचा वाटतो. परंतु त्याचे मूळ मराठी शेतकऱ्याच्या आणि गृहिणीच्या रोजच्या बोलण्यातही सापडते. 'नांगर' ही वस्तू आहे. त्यावरून नांगरणे हे क्रियापद आणि नांगरणी ही क्रिया. पेरणी, कापणी, मळणी याही क्रियाच. परंतु चाळणे यावरून झालेली 'चाळणी' ही क्रिया नव्हे, ते साधन आहे. गाळणी आणि लेखणी यांचेही तसेच. प्रत्यय तोच 'णी'. पण शेतात तो क्रिया सांगतो आणि स्वयंपाकघरात वस्तू. 'णे' या प्रत्ययाचीही हीच गोष्ट. लाटणे ही क्रिया आहे आणि पोळपाटावर ठेवलेली वस्तूही आहे. खेळणे मुलाच्या हातातही असते. दुखणे म्हणजे आजार, धुणे म्हणजे धुवावयाचे कपडे, देणे म्हणजे फेडावयाची रक्कम आणि येणे म्हणजे वसूल व्हावयाची रक्कम. संस्कृतातही 'अन' या एकाच प्रत्ययाने 'गमन' ही क्रिया, 'वाहन' हे साधन आणि 'आसन' ही जागा, असे तिन्ही अर्थ दिले आहेत, आणि पाणिनीने आपल्या व्याकरणात या तिन्हींची नोंद घेतली आहे. 'लाटणे दे' असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. जे काम प्रत्ययाकडून राहून जाते, ते प्रसंग आणि वापर पूर्ण करतात.

घडविलेल्या भाषेतही वापराने हे काम केलेच आहे. 'पारोली' म्हणजे बोलणे. नियमाप्रमाणे 'पारोलादो' याचा अर्थ बोलत राहण्याची क्रिया एवढाच होतो. पण हा शब्द सभेत केलेल्या भाषणासाठी रूढ झाला. 'लेर्नेयो' म्हणजे शिकण्याची कोणतीही जागा. रूढ अर्थ मात्र शाळा. हे अर्थ १६ नियमांत कोठेही लिहिलेले नाहीत. बोलणाऱ्यांनी ते शब्दांत भरले. झामेनहॉफ यांना याची पूर्वकल्पना असावी. पहिल्याच पुस्तिकेत त्यांनी भाषेवरील आपले सर्व वैयक्तिक हक्क सोडल्याचे जाहीर केले आणि ती समाजाची मालमत्ता आहे, असे म्हटले. १९०५ साली भाषेचा पाया म्हणून नियम आणि मूळ शब्द कायम करण्यात आले, ते भाषा फुटू नये म्हणून. त्या पायावर नवे शब्द उभारण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला राहिले. नियम सर्वांना सारखे आणि वापर सर्वांच्या हाती, अशी ही विभागणी आहे.

मराठीच्या शिक्षणाने यातून काय घ्यावे, हा खरा प्रश्न आहे. शाळेत जाण्याच्या वयात ज्याला शाळा मिळाली नाही, किंवा जो परप्रांतातून पोटासाठी येऊन ही भाषा शिकतो आहे, त्याच्यापुढे शब्दांची लांबलचक यादी ठेवली जाते. यादी पाठ झाली नाही, की भाषा येत नाही असा शिक्का बसतो. वस्तुतः त्याला प्रथम द्यावयास हवेत ते मराठीतील बिनचूक चालणारे नियम. ते मराठीत आहेत. 'णे' आणि 'णारा' हे दोन प्रत्यय जवळजवळ प्रत्येक धातूला लागतात. 'बोलणूक' असा शब्द नसेल; पण 'बोलणे' आहे आणि 'बोलणारा'ही आहे. 'रडाई' नसेल, पण 'रडणे' आणि 'रडणारी' यांना कोणीही चूक म्हणू शकत नाही. 'लिहिलेले', 'ऐकलेले' ही रूपेही अशीच सुलभ आहेत. ज्याला 'शिंपी' हा शब्द आठवत नाही, तो 'कपडे शिवणारा' म्हणून आपले काम भागवू शकतो. ही तडजोड नव्हे; हीदेखील शुद्ध मराठीच आहे. या भक्कम जमिनीवर उभे राहिल्यानंतर वागणूक, लढाई, चाळणी असे शब्द गटागटाने, त्यांच्या अर्थांसह शिकवावेत.

यावर एक आक्षेप येऊ शकतो. भाषा ऐकून, बोलून येते. नियमांनी ती कृत्रिम होते, असे अनेक जाणकार म्हणतात. लहान मुलांच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु मुलाला दिवसभर ती भाषा ऐकण्याची संधी असते आणि चुकण्याची मोकळीकही असते. प्रौढ माणसापाशी संध्याकाळचा एखादा तास असतो, आणि चुकल्यावर होणाऱ्या हशाची धास्ती असते. त्याच्यासाठी एक नियम म्हणजे शंभर शब्दांची बचत आहे. दुसरा आक्षेप असा, की नियमाने शब्द बनविण्याची मुभा दिली, तर भाषा बिघडेल. पण 'रडाई' म्हणणाऱ्याने भाषा बिघडविलेली नसते. त्याने 'लढाई' आणि 'चढाई' यांतील प्रत्यय ओळखलेला असतो, तो धातूपासून अलग केलेला असतो आणि दुसऱ्या धातूला लावून पाहिलेला असतो. म्हणजे व्याकरणाचे अवघड काम त्याने बरोबर केले आहे. रूढी तेवढी त्याला माहीत नाही. अशा चुकीवर लाल रेघ मारण्याआधी 'नियम बरोबर लावला, पण येथे लोक असे म्हणत नाहीत' हे एक वाक्य सांगणे अधिक योग्य ठरेल. पहिल्या भागाने शिकणाऱ्याचा विश्वास वाढतो आणि दुसऱ्या भागाने त्याला भाषेच्या समाजात प्रवेश मिळतो.

रूढीचे महत्त्व येथे नाकारावयाचे नाही. 'चाळणी' हे साधन आणि 'पेरणी' ही क्रिया, हे ज्ञान मराठी समाजाच्या पिढ्यान्पिढ्यांच्या कामातून आलेले आहे. ते आत्मसात करावेच लागते. तथापि रूढी ही शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. पहिल्या पायरीवरच तिची भिंत उभी केली, तर आत येऊ पाहणारा परत फिरतो. 'तुला आमची भाषा येत नाही' हे वाक्य ज्याने वारंवार ऐकले आहे, तो पुढे बोलण्याचेच टाळतो, आणि न बोलणाऱ्याला भाषा कधीच येत नाही.

एस्पेरांतोत क्रिया करणाऱ्याची नावे काळाप्रमाणे तीन होतात. 'लेर्नींतो' म्हणजे जो शिकून झाला आहे तो, 'लेर्नोंतो' म्हणजे जो पुढे शिकणार आहे तो, आणि 'लेर्नांतो' म्हणजे जो आता शिकतो आहे तो. झामेनहॉफ यांनी आपल्यासाठी जे टोपणनाव निवडले, तेही याच वर्तमानकाळी प्रत्ययाचे आहे. शाळेबाहेर राहून, वय वाढल्यावर पुन्हा पुस्तक उघडणाऱ्या माणसाचे खरे नावही वर्तमानकाळीच असते. मराठीत त्याला 'शिकणारा' म्हणतात, स्त्री असेल तर 'शिकणारी'. हा शब्दही क्रियापदापासूनच झालेला आहे आणि त्याला अपवाद नाही. असा आणखी एखादा शब्द त्याने किंवा तिने स्वतः घडवून पाहिला, तर शिक्षकांनी आणि समाजाने तो आधी समजून घ्यावा, मगच सुधारावा.